फुलाची चोरी

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवलेल्या बाईंना ‘दिसतं’ आणि ‘वाटतं’ यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकाने त्यांचं टिपण परत पाठवलं तेव्हा त्या चिडल्या खऱ्या, पण मनातून त्यांना ते पटलंही. कड्यावरचं ते इवलंसं जांभळं रानफूल शेजारच्या गवताच्या मुळांतून अन्न चोरतं, असा त्यांचा दावा होता. संपादकांनी लिहिलं होतं : फोटो देखणा आहे, पण चोरी कुठे दिसते?

रोप उपटून दाखवावं, तर दोन मुळांमधला नाजूक जोड हात लागताच तुटतो. यंदा मात्र पावसाने खडकाच्या एका भेगेतली माती धुऊन नेली होती आणि जोड आपसूक उघडा पडला होता. फुलं सुकायला लागली होती. आज फोटो मिळाला नाही, तर दावा वर्षभर नुसता दावाच राहणार होता.

भेगेपाशी बसून बाई कॅमेऱ्याला लेन्स चढवत असताना त्यांच्या यजमानांनी मदत केली. ते नुकतेच हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात जाऊ लागले होते; फोटो काढण्याआधी फुलाभोवतीचा कचरा दूर करावा, हा तिथला पहिला धडा त्यांनी फारच मनावर घेतला होता.

“बघ, कशी लख्ख झाली जागा!” गवताचा जुडगा नाचवत ते म्हणाले.

बाईंनी भेगेत वाकून पाहिलं. फूल जागेवर होतं. जोड गवताबरोबर गेला होता.

“अहो, चोराला तसाच ठेवलात आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच हाकललंत!”

“मला वाटलं, साधं गवत आहे.”

“साधंच आहे. त्याच्याच घरची चोरी तर सिद्ध करायचीय.” त्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवला. “वर दुसरी भेग असेल. चला.”

“अगं, तुझा गुडघा?”

“इथे ठेवून जाता आला असता, तर ठेवला असता.”

चढ बसून, सरकत, दोनदा खरचटून पार पडला. वरच्या भेगेत फूल होतं, गवत होतं, आणि खाली, दोन्ही मुळांना सांधणारा फिकट गाठीसारखा जोड होता. वारा थांबेना. यजमानांनी छत्री आडवी धरली. दुसरा हात बाईंच्या हुकमावरून खिशात गेला. बाई खडकावर पालथ्या पडल्या. इतक्या जवळून फूल आणि जोड दोन्ही स्पष्ट येईनात. त्यांनी जोड निवडला.

यजमानांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून पाहिलं. “फुलाचा नुसता जांभळा डाग झालाय की गं! मंडळात हसतील.”

“हसू देत. ओळखण्यापुरता डाग पुरे.” बाईंनी फोटो मोठा करून जोडाची कड तपासली. चोरी स्पष्ट दिसत होती. त्यांनी कोपरावरची माती झटकली आणि कड्याकडे मान वळवली.

“छत्री मिटा. एका उदाहरणाला संपादक योगायोग म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं.”

आणि बाई आणखी वरच्या भेगेकडे सरकू लागल्या.