फळ्यासमोरची जागा

नमिताबाई गागोदे बुद्रुकच्या, म्हणजे पेण तालुक्यातल्याच. बोलायला गोड, पण एकदा नाही म्हणाल्या की विषय संपला. खाडीकडच्या एका शाळेत त्या प्रभारी मुख्याध्यापिका होत्या, आणि आल्या आल्या त्यांनी एक नियम केला होता. शाळेत ज्याचा फोन वाजेल, त्याचा फोन कपाटात. घरच्या मोठ्या माणसाने यायचं, फळ्यासमोर उभं राहून सगळ्या वर्गादेखत आपल्या माणसाला दोन शब्द सुनावायचे, आणि मग फोन न्यायचा. नियम सगळ्यांना सारखा.

गेल्या आठवड्यात नववीतल्या समीक्षाचा फोन वाजला. तिची आई सरू मिठागरातलं काम टाकून आली, पायाला चिखल तसाच. फळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता परत नाय आननार ती." समीक्षाने मान वर केली नाही. नमिताबाईंना वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

आणि आज त्याच वर्गातल्या सुजयचा वाजला. सुजय हा संस्थेचे अध्यक्ष पोपटशेठ यांचा नातू. फोन कपाटात गेला आणि अख्ख्या वर्गाचे कान टवकारले गेले. आता बाई काय करतात ते बघू, असं प्रत्येकाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दुपारी बाई नववीला गणित शिकवत असताना त्यांच्याच पर्समधला फोन खणखणला. पोपटशेठ. बाईंचा फोन शाळेत मुका असायचा, फक्त शेठचा नंबर तेवढा वाजता ठेवलेला. पहिल्या रिंगला उचलला नाही तर अध्यक्षांचं डोकं फिरतं, म्हणून ही सोय.

"बाई, मी रोह्यात अडकलोय," शेठ म्हणाले. "धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांना शिफ्टला नेणाऱ्या आमच्या बसगाड्या बघतोय. ड्रायव्हरला पाठवतो, सुजयचा फोन त्याच्याकडे द्या. आणि हो, पुढच्या मीटिंगला तुम्हाला कायम करायचा विषय घेतलाय बरं का."

बाईंना सगळं कळलं. गेली चार वर्षं त्या ज्या खुर्चीची वाट बघत होत्या, ती एका ड्रायव्हरच्या हाताने जाणार किंवा राहणार होती. त्यांनी वर्गाकडे पाहिलं. समीक्षा टक लावून बघत होती, आणि त्या नजरेला तोंड देणं शेठच्या रागापेक्षा अवघड होतं.

"शेठ, घरचं माणूस यावं लागेल," बाई म्हणाल्या. "आणि माझाही फोन आत्ता वर्गात वाजलाय. तो कपाटात चाललाय. यापुढे ऑफिसच्या फोनवर बोलू."

संध्याकाळी ड्रायव्हर आला आणि हात हलवत परत गेला. बाईंनी ऑफिसमधून गागोद्याला आईला फोन लावला आणि झालं ते सांगून उद्या शाळेत यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आई धोंडुबाई वालाची मळणी टाकून एसटीने आल्या. शिपाई गोविंदा धावत खुर्ची घेऊन आला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. आईचे गुडघे दुखतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि जीव तुटत होता, पण सरूला कुठे खुर्ची मिळाली होती?

धोंडुबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका पहिल्या बाकाशेजारी हात बांधून उभी. नेमके त्याच वेळी पोपटशेठ तणतणत दारात आले आणि आतलं दृश्य बघून तिथेच थबकले.

"काय गो नमे," म्हातारी म्हणाली, "मी दुपारचा फोन करते तवा कंदी उचलत नाय. म्हनतेस, शाळेत हाय, फोन बंद हाय. मग शेठचा कसा वाजला?"

वर्गात खसखस पिकली. नियम करताना बाईंनी पोरांचा विचार केला होता, पालकांचा केला होता, पण स्वतःच्या पर्समध्ये एका माणसासाठी वेगळा नियम ठेवलाय हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"चुकलंच, आये," त्या म्हणाल्या. "आता कुणाचाच नाही वाजणार. शेठचाही नाही."

कायम होण्याचं काय व्हायचं ते होवो. त्यांना आज कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

धोंडुबाईंनी फोन घेतला, लेकीच्या हातात ठेवला आणि दाराकडे वळल्या. "तुमीच व्हय शेठ? या. माजं झालं, आता तुमचा नंबर."

पोपटशेठ भांडायला आले होते. पण ज्या बाईला ते दरडावणार होते, ती त्यांच्यासमोर आत्ताच आईची बोलणी खाऊन उभी होती. तिला आता काय बोलणार? सुजय बाकाखाली बघत होता. शेठनी दोनदा घसा खाकरला.

"कुठं उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

बाई काही बोलायच्या आत समीक्षा उठली. तिने फळ्यासमोरची जागा बोटाने दाखवली.

"इथं. माजी आय इथंच उभी व्हती."

शेठनी चपला दाराशी काढल्या आणि त्या जागेवर जाऊन उभे राहिले.