तोलून दिलेला संसार

"काका, हा तर तुमचाच शब्द निघाला!" बाई म्हणाल्या, तसा मापाडी बाकावर ताठ झाला.

संध्याकाळच्या प्रौढवर्गात फळ्यावर एकच इंग्रजी शब्द होता : स्पेंड. म्हणजे खर्च करणं. त्याचं मूळ लॅटिनमध्ये, तोलून देण्यात. फार पूर्वी धातू तराजूत घालूनच देणं चुकतं करायचे, असं बाईंनी सांगितलं.

जन्मभर बाजारात लोकांची पोती तोललेला माणूस तो. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"बाई, आमच्या घरी अजून तीच रीत! दर शनिवारी काटा मांडतो. आठवड्याची साखर, चहापत्ती, तेल, सगळं तोलून हिच्या हवाली. बाकीचं कपाटात, कुलपात. दाणा इकडचा तिकडे नाही!"

वर्ग हसला. "मावशी, म्हणजे चोरून खायचीही सोय नाही की हो!" मागून शिंपीण ओरडली. शेजारी बसलेली त्याची बायकोही हसली, तोंडापुढे वही धरून.

"दिवस घालवणं, त्यालाही हाच शब्द," बाई म्हणाल्या. "मावशी, करा बरं एक वाक्य. आपल्या भाषेत चालेल."

ती उभी राहिली. जरा चाचरली.

"माझी बहीण एक दिवस घालवायला आली होती. मी तिला दुपारीच गाडीत बसवून दिलं."

"का हो?" बाईंनी विचारलं.

"शुक्रवार होता. डबे रिकामे होते."

शिंपीण हसायला गेली आणि गप्प झाली. मापाड्याच्या कानशिलांना झळ लागली. बहीण गेली त्या संध्याकाळी घरी येऊन 'गेली का एकदाची? बरं झालं' असं तोच म्हणाला होता.

वाटेत तो पुटपुटला, "मागायचं होतंस."

"मागितलं होतं की. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी."

तेव्हा आपण काय उत्तर दिलं होतं, हे त्याला आठवेना. आणि तिला विचारायची छाती होईना.

घरी येऊन तिनं चहा ठेवला, तसं त्यानं कपाट उघडलं. साखरेचा मोठा डबा ओढून तिच्या पुढ्यात ठेवला.

"घे. हवी तेवढी घे."

चहाचं आधण उकळत होतं. तिनं डब्यात हात घातला, मूठ भरून वर काढली आणि थांबली. मग काट्याकडे बघावं तशी त्याच्या तोंडाकडे बघत ती बोटं हळूहळू सैल करत गेली. साखर डब्यात परत सांडत राहिली.

मापाड्यानं मान खाली घातली.