तापली की कळवा

१९९८ सालचा फेब्रुवारी संपत आला होता, तेव्हा सांगलीत मी पंचवीस-तीस माणसांसमोर एका माणसाला लबाड ठरवलं. साल नक्की आठवतं, कारण त्याच महिन्यात आमच्या दुकानात फोन आला होता आणि तो पहिल्यांदा वाजला तो याच कामासाठी.

साताऱ्यात राधिका रोडच्या मागच्या बोळात आमचं मोटरी भरायचं दुकान होतं. पाटीवर नाव माझ्या यजमानांचं, चिंतामण यांचं. शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर जळाली की ती आमच्याकडे यायची. हे ती उघडायचे, जळकी तार उपसून काढायचे, आणि नवी तार एकेका खाचेत बसवायचं काम माझं. गिऱ्हाईक आलं की मला विचारायचं, ‘मालक कुठं गेल्यात?’ मी मांडीवर मोटर घेऊन बसलेली असे, पण ते काम आहे असं कुणाला वाटत नसे. भाजी निवडत बसावं तशी मी दिसत असणार.

या धंद्यानं मला दोन गोष्टी दिल्या, पाठीचं दुखणं आणि संशय. मोटर जळाल्यावर खरं बोलणारा माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही. ‘वैनी, निस्ती चालू केली आन् बंद पडली बगा,’ असं सांगणाऱ्याची मोटर विहीर आटल्यावरही दिवसभर कोरडी फिरलेली असायची. तारेवरच्या जळक्या वार्निशच्या वासावरून मला ते कळे. भरलेली मोटर चालवून बघताना मी तिच्यावर पंजाची पालथी बाजू ठेवून दहा आकडे म्हणायची. यांच्याकडे तपासायचं मीटर होतं, तरी लोक म्हणायचे, वैनींचा हात लावून द्या. माझ्या हाताचा एक प्रकारे दबदबाच होता.

आदल्या दिवाळीनंतर आकाराम दुकानात आला. इस्लामपूरकडच्या खेड्यातला, सैन्यात रडारच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी परतलेला. त्यानं रुमालाची गाठ सोडली. आत सुपारीच्या डबीएवढी लोखंडी कडी होती, आतल्या बाजूला बारा दात.

‘कशाची आहे ही?’ मी विचारलं.

‘मोटरची.’

‘ते दिसतंय. कुठली मोटर?’

‘माजी.’

बॅटरीवरच्या लहान मोटरीत कार्बनचे दोन तुकडे असतात. ते फिरत्या भागाला घासत राहतात आणि त्यांच्यातून वीज आत जाते. म्हणून मी विचारलं, ‘यात कार्बन कुठे बसणार?’

‘हिला कार्बन न्हाई लागत.’

‘मग फिरणार कशी?’

‘फिरंल की. तीन तारा एकत्र धरून भरा. तार किती बारीक त्ये हितं लिवलंय.’

रुमालात लोहचुंबकाचे तुकडेही होते, कुठल्याशा मोडक्या कॉम्प्युटरमधले. ते पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या काळात घराचं विजेचं मीटर थांबवायला लोक लोहचुंबक लावत. मी विचारलंच, ‘ही चुंबकं कशाला?’

‘वैनी, मीटर थांबवायचं आसतं तर तुमच्याकडं तार भराय कशाला आलो आसतो?’

काम होईपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला. मी घातलेला वेढा न् वेढा मोजत होता. मी चहा टाकायला आत गेले तर त्यानं कडीवर रुमाल टाकला. मला त्याचा संशय आणि त्याला माझा. चिंतामण हसून म्हणाले, ‘दोघं एकाच वर्कशॉपमधली दिसताय.’

फेब्रुवारीत फोन वाजला तो नानासोंचा. नानासो सांगलीतल्या एका तंत्रशिक्षण संस्थेचे सचिव. त्यांच्या मळ्यावरच्या मोटरी आम्हीच भरायचो. संस्थेत वर्कशॉप शिकवणाऱ्याची जागा निघाली होती आणि शेवटी दोघेच उरले होते. एक निमिष, सांगलीचाच, नुकता इंजिनिअर झालेला. दुसरा आमचा आकाराम. निमिषकडे रेडिओवर चालणारी गाडी होती, मामानं परदेशातून आणलेली, ती तो संस्थेच्या प्रदर्शनात मांडणार होता. आकाराम म्हणाला, मीही एक केली आहे, मोटरीसकट. नानासोंना शर्यतीचा नाद, बैलांची असो की खेळण्याची.

‘दोगांच्या गाड्या पळवतो,’ ते फोनवर म्हणाले. ‘एकाच मापाची बॅटरी देतो. तुमी या वैनी. कोण कुणाला टोपी घालतंय ते तुमचा हात सांगंल.’

मोटरी जळायचे दिवस होते, म्हणून हे दुकानात थांबले आणि मी एकटीच एसटीनं गेले.

आकारामबरोबर त्याची बायको रंगूबाई आली होती, भाकरीचं फडकं घेऊन. मांडवात माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, ‘वैनी, ह्यास्नी ह्ये काम मिळालं तर लय बरं हुईल. गावात खेळण्यातला हवालदार म्हंत्यात. दोन वर्सं झाली, माणूस घरात बसून गप झालंय.’

मैदानावर चुन्याच्या फक्कीनं लांबट गोल आखला होता. तो पाण्याच्या टाकीमागून जायचा, त्यामुळे प्रत्येक फेरीला गाडी दोन-तीन क्षण दिसेनाशी व्हायची. बॅटऱ्या संस्थेनं स्वतः भरल्या होत्या. बॅटरी संपेपर्यंत गाडी पळवायची आणि फेऱ्या मोजायच्या, एवढाच नियम.

निमिषची गाडी आधी सुटली. कर्कश आवाज करत एकतीस फेऱ्या झाल्या आणि थांबली. मी हात ठेवला. दोन म्हणायच्या आत काढून घ्यावा लागला. जळक्या कार्बनचा ओळखीचा वास आला.

‘हिनं काम केलंय,’ मी म्हणाले.

मग आकारामची. तिचा आवाज जवळजवळ नव्हताच, फक्त चाकांची फक्कीवरची सरसर. एकतिसावी फेरी मागे पडली, चाळीस झाल्या, लोक उभे राहिले. बावन्नाव्या फेरीला ती थांबली. आकारामनं ती उचलून माझ्यापुढे धरली. मी हात ठेवला आणि दहा म्हटले. पुन्हा ठेवला, वीस म्हटले. तान्ह्या मुलाच्या कपाळाइतकीच ऊब. एवढी पळालेली मोटर अशी राहत नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं.

‘नानासो,’ मी म्हणाले, ‘ही मोटर एवढी धावलेली नाही.’

‘नक्की?’

‘मीच भरली आहे ती. तार किती बारीक आहे ते मला ठाऊक आहे. इतकं पळून ती अशी थंड राहणं शक्य नाही.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘टाकीमागं गाडी बदलली आसंल.’ दुसरा म्हणाला, ‘त्याच्या ट्रंकंत बगा की.’ आकारामची काळी लष्करी ट्रंक टाकीच्या अंगालाच ठेवलेली होती.

‘खोल की रं आकाराम,’ नानासो म्हणाले.

त्यानं किल्ली पुढे केली. ट्रंक उघडली तर आत दुसरी गाडी. तीच चाकं, तोच निळा रंग. लोकांत हशा पिकला. ‘मिल्ट्रीवाला पोचलेला हाय,’ कुणी म्हणालं.

‘जादा सांगाडा हाय तो,’ आकाराम म्हणाला. ‘आमाला फौजेत सवयच हाय, एक मोडलं तर दुसरं.’

मी ट्रंकेवर वाकले. त्या गाडीत मोटर नव्हती. मोटरीच्या जागी पत्र्याला भोकं होती आणि त्यांतून ट्रंकेचा तळ दिसत होता. अशी गाडी एक हातही पळाली नसती. मी ते पाहिलं आणि बोलले नाही. मिनिटापूर्वी मी सगळ्यांसमोर खात्रीनं सांगितलं होतं, आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. वाटलं, यानं काहीतरी केलंच असेल, मला कळलं नाही एवढंच.

निमिष म्हणाला, ‘सर, परत एकदा पळवू या की. टाकी सोडून.’

‘बॅटऱ्या भराय दीड तास,’ नानासो म्हणाले. ‘पाव्हणं जेवायचं थांबल्यात. वैनींनी सांगितलं, मिटलं.’

आकारामनं गयावया केली नाही. ट्रंक बंद केली. पळालेली गाडी, तिची बॅटरी आणि हातातलं रेडिओचं खोकं, सगळं त्यानं मांडवात येऊन माझ्या मांडीवर ठेवलं.

‘न्या साताऱ्याला,’ तो म्हणाला. ‘तापली की कळवा.’

रंगूबाई भाकरीचं फडकं तसंच काखेत मारून त्याच्यामागून गेली. ते सोडलंही नव्हतं.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, ‘नातवाला घेतली व्हय गाडी?’ मी हो म्हणाले.

घरी आल्यावर चिंतामणांना सगळं सांगितलं. रिकाम्या सांगाड्याचं तेवढं सोडून. त्यांनी गाडी उलटी करून बराच वेळ पाहिली.

‘तापली नाही म्हणून धावली नाही, असं म्हणालीस तू?’

‘मग काय म्हणायचं? आपल्याकडे येतात त्या सगळ्या तापतात.’

‘आपल्याकडे जळालेल्याच येतात, सुहास.’

ते समजावू लागले. मोटर तापते ती तिच्या कष्टानं नाही, वाया गेलेल्या विजेनं. कार्बन घासतो, ठिणग्या उडतात, तिथे बॅटरी संपत जाते. चाकाला मिळते ती उरलेली. हिच्यात फिरतात ती चुंबकं, घासायला काहीच नाही. कुठल्या वेटोळ्यात कधी वीज सोडायची ते सर्किट ठरवतं. वेटोळी बाहेरच्या कडीत आहेत, त्यामुळे जी थोडी ऊब होते तीही पत्र्यातून निघून जाते. ‘म्हणून तर बावन्न फेऱ्या झाल्या,’ ते म्हणाले. ‘बावन्न आणि थंड, या दोन गोष्टी नाहीतच. एकच आहे.’

दुसऱ्या दिवशी पहाटे, दुकान उघडायच्या आधी, आम्ही करूनच पाहिलं. गाडीचं एक चाक काढून आसाला दोरी बांधली आणि दोरीला वाळूचा डबा. गाडी माळ्याच्या कडेला घट्ट आवळली. बॅटरी भरून तिनं डबा जमिनीपासून माळ्यापर्यंत सत्तर वेळा उचलला. मग त्याच गाडीत, तीच बॅटरी पुन्हा भरून, दुकानातली तेवढीच कार्बनची मोटर बसवली. बेचाळीस वेळा. दुसरीला हात लावला तर चटका बसला. पहिलीवर मी हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

तेव्हा मी यांना ट्रंकेतल्या गाडीचं सांगितलं. ते जळकी मोटर पुढ्यात ओढून तार उपसायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

आकारामला मी कार्ड टाकलं. दोनच वाक्यं. ‘मोटर तापली नाही. मी चुकले.’ आणि त्याच आठवड्यात पुन्हा सांगलीला गेले.

‘आर्डर कालच गेली निमिषला,’ नानासो म्हणाले. ‘तुमीच सांगितलं की.’

‘ट्रंकेतल्या गाडीत मोटर नव्हती. मी पाहिलं होतं.’

‘मग तवा का न्हाई बोलला?’

मी म्हणाले, ज्यांच्यासमोर बोलले त्यांच्यासमोर मला पुन्हा बोलू द्या.

‘त्यास्नी गोळा कराय परत प्रदर्शन भरवू काय वैनी? च्या घ्या.’

मी तिथेच बसून सगळं लिहून सही केली. त्यांनी कागद घडी करून खणात टाकला. फाटकाशी निमिष भेटला, त्यालाही मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘काकू, मलाही त्या दिवशी वाटलं होतं. पण मला नोकरी हवी होती.’

आता यातलं फारसं कुणी उरलं नाही. नानासो २००९ साली गेले. माझा कागद त्यांच्या खणात होता की फेकला गेला, ते मला कळलं नाही. त्यानंतर तीन वर्षांनी चिंतामण गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

निमिषनं ती नोकरी दीड वर्षात सोडली. त्याआधी सुट्टीच्या दिवशी तो आकारामच्या गावी जायचा, बिनकार्बनची मोटर शिकायला. पहिल्या दोन खेपांना आकारामनं त्याला अंगणातूनच परत पाठवलं, तिसऱ्या खेपेला आत घेतलं. आता तो पुण्यात विजेवरच्या स्कूटरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. परवाच्या दिवाळीत स्कूटर घेऊन आला आणि म्हणाला, ‘काकू, हात लावून बघा.’ मी लावला, पण साखरेच्या दुखण्यानं माझ्या बोटांना आता गरम-गार कळत नाही. चहा वाफ बघून उचलते. ‘छान आहे,’ म्हणाले.

आकारामला ती जागा मिळाली नाही, पुढे कुठलीच मिळाली नाही. त्यानं घराच्या पडवीतच मोटरी भरायला सुरुवात केली, आणि तिकडची गिऱ्हाइकं साताऱ्याला यायची हळूहळू बंद झाली. २०१४ साली तो वारला, मला ते पुढच्या वर्षी समजलं. त्याची गाडी माझ्या कपाटात आहे.

रंगूबाई मला एकदाच भेटली, तो हयात असताना, इस्लामपूरच्या स्टँडवर. मी ओळख दिली. ती म्हणाली, ‘तुमचं कार्ड आलं व्हतं.’

‘काही म्हणाले का ते?’

‘न्हाई. वाचलं आन् ट्रंकंत ठिवलं,’ ती म्हणाली. तिची एसटी लागली होती, ती गेली.