दुसरा हात वाळेपर्यंत

आमच्या ह्यांना लिहिलेलं मोडवत नाही. दारावर ‘ढकला’ लिहिलेलं असलं तरी मी आधी ओढून बघते. हे मात्र पाटी वाचणार, चष्मा सारखा करणार आणि मगच ढकलणार. जन्मभर त्यांनी लाकडाला पॉलिश केलं. डब्यावर लिहिलंय तसं ढवळायचं, लिहिलंय तितकं थांबायचं आणि एका हातात काम उरकणाऱ्याला माणसात धरायचं नाही, ही त्यांची रीत. पहिला हात, मग घासायचं. दुसरा हात, पुन्हा घासायचं. मग तिसरा. त्यांनी चकचकीत केलेल्या टेबलात तोंड बघून लोकांनी भांग पाडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

मागच्या वर्षी छातीत खोकला धरला. थिनरचा वास आता विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं आणि काम बंद झालं. तेव्हापासून हा माणूस घरात बसून आहे. बसून असता तर बरं होतं. दारांच्या कड्या काढतात, तेल घालतात, परत बसवतात. माझ्या विणकामाच्या सुया एकदा पॉलिशपेपरने घासून इतक्या गुळगुळीत केल्या की त्यांच्यावर टाका ठरेना. त्या दिवशी वाढताना मी भांडी जरा जोरातच आपटली. फोन वाजला की माझ्याआधी उठतात. कुणी काम घेऊन आलं असेल, ही आशा. फोन माझा असतो. मग तो माझ्या हातात देतात आणि पुन्हा कड्यांकडे वळतात. ते बघवत नाही मला.

तर झालं असं, की मी कॉम्प्युटरवरून विणकामाचा वर्ग घ्यायचं ठरवलं. बायका आपापल्या घरी बसणार, मी माझ्या. पण आमचा कॉम्प्युटर इतका जुना की वर्गाचं नाव काढलं तरी त्याला घेरी यायची. मुलगा दुसऱ्या गावी असतो. त्याने एक फ्लॅश ड्राइव्ह पाठवून दिला, बोटाच्या पेराएवढा, आणि फोनवर सांगितलं, “हा लावून कॉम्प्युटर चालू करायचा. नवी सिस्टीम याच्यातूनच चढते. आई, शेजारच्या वहिनींना बोलाव, त्यांना येतं.”

फोन स्पीकरवर होता.

“वहिनींना कशाला?” हे म्हणाले. “मी करतो.”

‘मी करतो’ हे शब्द आमच्या घरात किती तरी दिवसांनी ऐकू आले. मी गप्प बसले. मला ओळखणाऱ्यांना यातच काय ते कळेल.

वर्गाची मला चिंता नव्हती. वहिनींनी आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, काही बिघडलं तर वर्गाच्या वेळी, चार वाजता, सरळ माझ्याकडे ये, माझा कॉम्प्युटर तुझाच समज. चिंता होती ती ह्यांची. वर्षाने हातात घेतलेलं काम, आणि मी लोकरीची पिशवी उचलून शेजारी गेले, तर हा माणूस पुन्हा म्हणून ‘मी करतो’ म्हणणार नाही.

वर्गाच्या दिवशी जेवणं झाल्यावर तयारी सुरू झाली. ह्यांनी टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. त्याखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या आणि अंगात कामाचा डागाळलेला शर्ट चढवला.

“अहो, कॉम्प्युटर ठिबकत नाही,” मी म्हटलं.

“सवय चांगली असावी,” हे म्हणाले आणि फ्लॅनेलच्या फडक्याने कॉम्प्युटरचा पडदा पुसायला लागले. घरातला सगळा पॉलिशपेपर मी सकाळीच लपवून ठेवला होता.

ड्राइव्ह लावला. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: ड्राइव्हवरून सुरू करायचं असेल तर कुठलंही बटण दाबा.

ह्यांनी ती दोनदा वाचली. “कुठलंही म्हणजे कुठलं?”

“अहो, कुठलंही!”

शेवटी त्यांनी सगळ्यात लांबडं बटण निवडलं. ते भक्कम वाटतं म्हणाले. मग भाषा कुठली, देश कुठला, कुठल्या डिस्कवर चढवू, अशी विचारपूस झाली. मुलगा फोनवरून एकेक सांगत होता. जुने फोटो त्याने मागच्या खेपेला काढून नेले होते, त्यामुळे पुसलं जाण्याची भीती नव्हती.

“आता फाइली चढतील,” तो म्हणाला. “मग तो आपोआप बंद होऊन चालू होईल. बाबा, नीट ऐका, तेव्हा तो ड्राइव्ह...”

“बरं बरं. काम चालू असताना बोलू नये,” असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

हा त्यांचा जुना नियम. हात मारताना बोललं की पॉलिशचा बोळा थांबतो आणि लाकडावर वळ उठतो. या नियमापायी माझ्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी मुकाट्याने गेल्या आहेत. आता काही चढवायचं म्हटलं की नियम लागू, मग ती पॉलिशची लाख असो नाहीतर फाइली.

आकडे वाढत वाढत शंभरावर गेले. पडदा मिटला, उघडला आणि पुन्हा तीच ओळ आली. कुठलंही बटण दाबा. ह्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि दाबलं.

पुन्हा भाषा. पुन्हा देश.

“हे मघाशी विचारलं होतं ना?” मी म्हटलं.

गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात हे म्हणाले, “तो पहिला हात होता. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. वर काही दिसत नाही.”

आणि मला ते पटलं. आता माझीच मला कीव येते, पण त्यांचा आवाज असा काही ठाम होता की मी उठून चहा टाकला.

दुसरा हात झाला. ह्यांनी मध्ये थोडं वाळू दिलं, म्हणजे माझ्याकडे पाठ करून चहा प्यायले. मग ओळ वाचून बटण दाबलं. तिसऱ्या हाताचे आकडे चढत असताना दारात वहिनी उभ्या राहिल्या.

“झालं का?”

“तिसरा चालू आहे,” हे म्हणाले. “वहिनी, तिथे उभ्या राहू नका, धूळ येते.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी लोकरीच्या गुंड्याकडे पाहिलं. चार वाजत आले होते. “तू येतेस ना मग माझ्याकडे?” त्यांनी विचारलं. त्या बिचाऱ्यांना हळू बोलता येत नाही.

फडकं फिरवणारा ह्यांचा हात थांबला. मागे वळले नाहीत. “जा तू,” एवढंच म्हणाले. “तुझ्या बायका खोळंबतील.”

तो आवाज मला ओळखीचा होता. फोन माझ्या हातात देतानाचा.

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “माझा वर्ग इथेच होणार.”

म्हणून तर बसले, पण जीव टांगणीला लागला होता. शंभर झाले, पडदा मिटला, उघडला. तीच ओळ. ह्यांचं बोट लांबड्या बटणाकडे निघालं.

“अहो! आता काय चौथा हात?”

“लाकूड जरा जास्तच पितंय,” हे म्हणाले.

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा गेले, तो बोटभर ड्राइव्ह चिमटीत धरला आणि उपटला.

“अगं, ओलं आहे!” हे ओरडले.

दोघंही तसेच उभे. त्यांचं बोट बटणावर अधांतरी, माझ्या मुठीत ड्राइव्ह. ती ओळ पडद्यावरून गेली. मी ह्यांचं काम मोडलं, वर्षातलं एकुलतं एक, असंच मला वाटलं. आणि मग काळ्यावर एक गोल फिरायला लागला. खाली आलं: तयारी चालू आहे. थोड्या वेळाने निळाशार पडदा असा उजळला की खोलीत उजेड पडला.

माझा जीव भांड्यात पडला. ‘तेव्हा तो ड्राइव्ह काढून घ्या’, असं मुलगा सांगत होता, हे मला आत्ता कुठे कळलं. हे खाली वाकले आणि डोकं कलतं करून पडद्याकडे बाजूने पाहायला लागले, टेबलावरची चमक पाहायचे तसे.

“बघ,” म्हणाले. “तिसऱ्या हाताशिवाय ही झळाळी येत नाही.”

मला बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं, जिभेवर रांग लागली होती. ह्यांचा चेहरा पाहिला आणि गिळलं सगळं.

वर्ग थोडा उशिरा सुरू झाला. चौकोनाचौकोनात बायका आल्या, लोकर दाखवून झाली. कोपऱ्यातल्या एकीचं चित्र सारखं गोठत होतं. “ताई,” ती म्हणाली, “तुमचं किती स्वच्छ दिसतंय हो. आमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. तुम्ही कुणाकडून करून घेतलंत?”

माझ्या मागे वर्तमानपत्रं गोळा करण्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

“आमच्या ह्यांच्याकडून,” मी म्हटलं. “पण सांगून ठेवते, ते तीन हात मारतात. अख्खी दुपार जाते.”

“जाऊ दे की. चांगलं होण्याशी मतलब.”

डागाळलेला शर्ट माझ्या खांद्यावरून पुढे आला. हे पडद्यापाशी वाकले आणि घसा खाकरून त्या बाईंना म्हणाले, “खोलीला खिडक्या आहेत ना?”

“दोन आहेत,” ती गोंधळून म्हणाली.

“मग उद्या येतो.”

“येतो नाही, येतो आम्ही दोघं,” मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून सुईवरचे टाके बघत राहिले. “तिसरा हात झाला की ड्राइव्ह उपटायला मी लागते.”