वहीतला एकशे ऐंशी

सासूच्या पाककृतींच्या वहीतला एवढा एक आकडा ब्लेडनं खरवडला, की सुनेच्या पदरात बरंच काही पडणार होतं. नवा ओव्हन तिच्या हट्टानं घरात आला होता, त्याची लाज राखली जाणार होती. काही करपलं की सासू आधी ओव्हनकडे आणि मग तिच्याकडे बघायची, ते बघणं थांबणार होतं. शिवाय सासऱ्यांना केक मिळणार होता. हे तिनं शेवटी धरलं, पण धरलं. तेवढी ती वाईट नव्हती.

जुन्या ओव्हनच्या बटणाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. पंचवीस वर्षं सासूनं बटण त्या ठिपक्यापर्यंत फिरवलं आणि आकड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नव्या ओव्हनवर तिनं त्याच अंदाजानं बटण फिरवलं आणि पहिल्या केकचा कोळसा झाला.

"तुझी ही पेटी भारीच तापट आहे गं," सासू म्हणाली. "कोणाच्या वळणावर गेलीय कोण जाणे."

"आई, जुना फॅरनहाइटचा होता, हा सेल्सिअसचा आहे. वहीतले आकडे बदलून घ्यावे लागतील."

"वहीला हात लावायचा नाही, सांगून ठेवते."

आता सासू दवाखान्यात गेली होती आणि वही सुनेपुढे उघडी होती. सासऱ्यांचं ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी दुपारपुरतं त्यांना घरी सोडणार होते, चारला गाडी परत न्यायला येणार होती. त्यांनी एकच मागितलं होतं: संत्र्याचा केक. दवाखान्यात घरचं काही चालत नव्हतं, म्हणजे खायचा तो इथंच. सुनेनं ३५० खरवडलं, कागद नखानं घोटला आणि सासूच्या तिरप्या वळणात १८० लिहिलं. सांगायचं कशाला? केक फुलला की मग बघू.

तिला ठाऊक नव्हतं ते असं, की खाटेवर पडल्या पडल्या सासरे बायकोची शिकवणी घेत होते. ते तेहतीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर होते. दोन्ही अंश त्यांच्या बोटांवर. "वहीत जो आकडा असेल त्यातून बत्तीस काढ, पाचानं गुण, नवानं भाग. म्हण." आणि सासू म्हणायची. सुनेला न विचारता केक करून दाखवायचा, हा तिचा पण होता.

रविवारी सून औषधं घेऊन आली तेव्हा केक आत गेला होता आणि सासू ओव्हनपुढे स्टूल टाकून राखणीला बसली होती.

"आई, जरा बघू का?"

"दार उघडलं की बसतो तो. एवढंही ठाऊक नाही?"

"अगं, बघू दे तिला," सासरे खुर्चीतून म्हणाले. घरचा सदरा त्यांच्या अंगात लोंबत होता.

"अहो, तुम्ही गप्प बसा. त्या नर्सबाईसमोर पाढे म्हणायला लावलेत मला, आता फळ बघा."

पन्नास मिनिटांनी सासूनं भांडं बाहेर काढलं. कडेला थोडं धरलं होतं, मध्ये पीठ हिंदकळत होतं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"असं कसं?" सासूचा आवाज बारीक झाला. "एकशे ऐंशीचे ब्याऐंशी. मी तीनदा केलं हो."

सुनेला उमगलं. बदललेला आकडा सासूनं पुन्हा बदलला होता.

"आण इकडे," सासरे म्हणाले. "वहीपण आण."

त्यांनी कागदावरचं गणित तपासलं. बरोबर होतं. मग वही घेतली. आकड्यावरून फिरता फिरता त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी पान उजेडाकडे तिरपं धरलं, मग वर पाहिलं, थेट सुनेकडे. तिच्या हातात ओट्यावरचं फडकं होतं. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

त्यांनी वही मिटली.

"माझंच चुकलं गं," ते बायकोला म्हणाले. "आकडा आहे तसाच ठेवायचा होता. मी तुला उगाच बदलायला लावला."

"तुम्ही?"

"होतं कधी कधी. एकशे ऐंशीवर कर आणि ठेव परत."

पण पिठातला जीव गेला होता. ओव्हन तापेपर्यंत साडेतीन झाले. चारला खाली गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा केकच्या मध्यावर नुसती साय धरली होती. सासरे उठले, काचेतून क्षणभर बघत राहिले. "आल्यावर खाईन," म्हणाले.

ते आले नाहीत.

भेटायला माणसं येऊ लागली. सासू प्रत्येकाला सांगायची, "शेवटी शेवटी डोकं चालत नव्हतं हो त्यांचं. साधा ओव्हनचा आकडा, बरोबर होता तो उगाच बदलायला लावला."

बॉयलरवरचे त्यांचे एक जुने सोबती खुर्चीत पुढे सरकले. "वहिनी, ते आणि आकडा चुकले? मला नाही पटत."

"चुकले. स्वतःच्या तोंडानं म्हणाले. मी होते ना तिथं."

सोबती खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे फारच झालं होतं तर," ते म्हणाले.

सून चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सासूनं तिच्याकडे बोट केलं. "हिला ओव्हनचं सगळं कळत होतं. मीच विचारलं नाही पोरीला."

"साखर किती घालू?" सुनेनं सोबत्यांना विचारलं.

संध्याकाळपर्यंत सात जण येऊन गेले. सातही वेळा चूक सासऱ्यांच्या नावावर पडली, आणि सातही वेळा सुनेनं कप उचलून विसळून ठेवले.