प्रोफेसरला काहीच येत नव्हतं

सासऱ्यांनी कुत्र्याला पेपर आणायला पाठवलं होतं. ही बातमी त्यांनी स्वतःच सुनेला दिली, तीही चहात बिस्किट बुडवता बुडवता, कौतुकाने डोळे बारीक करून.

"गळ्यात पिशवी अडकवली, फाटक उघडलं आणि म्हटलं, जा, कोपऱ्यावरून पेपर घेऊन ये. एकदा माझ्याकडे बघितलं पठ्ठ्याने आणि निघाला की ऐटीत!"

सून कंगवा घेऊन घरभर त्या कुत्र्यालाच शोधत होती. दुपारी सिनेमाच्या सेटवर त्याचा शॉट होता आणि त्याआधी त्याचे केस विंचरायचे होते. "कोण निघाला?" तिने विचारलं. आपण चुकीचं ऐकलं असावं अशी तिला फार आशा होती.

"कोण म्हणजे? आपला प्रोफेसर!"

"कधी?"

"झाला की बराच वेळ. गर्दी असेल तिथे."

कंगवा तिथेच टाकून सून धावली, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची चप्पल घालून फाटकाबाहेर पडली. तिचा अवतार बघून सासरेही बिस्किट कपातच सोडून मागून निघाले.

सून आणि तिचा नवरा सिनेमातल्या प्राण्यांना शिकवायचे. सहकुटुंब बघायचे धडपडीचे सिनेमे असतात ना, ज्यांत बाप केकवर पडतो, काका शिडीवरून पडतो आणि चोर स्वतःच्याच पोत्यात पडतो, त्यांत एक अतिहुशार कुत्रा लागतोच. सध्याचा सगळ्यांत हुशार कुत्रा म्हणजे प्रोफेसर. दारं उघडणारा, चोराची पँट ओढणारा, मेल्याचं सोंग घेऊन पोलिसांना गंडवणारा, पोस्टरवर चष्मा लावून बसलेला.

आतली गोष्ट अशी की हा प्रोफेसर एक कुत्रा नव्हता, चार होते. दाराची कडी काढायची ती कडी. पँट, टेबलक्लॉथ आणि तोंडाला लागेल ते ओढायचा तो ओढ्या. मरून पडायचा तो मेल्या. त्या दिवशी नवरा या तिघांनाच घेऊन सेटवर गेला होता. तिघांच्याही कपाळावर पांढरा ठिपका रोज रंगाने काढावा लागे. आणि चौथा, ज्याचा ठिपका जन्माचा होता, तो भोपळ्या. सासऱ्यांना वाटायचं, हे नाव त्याच्या केशरी रंगावरून पडलं. ते पडलं होतं शिकवणीत त्याला मिळालेल्या गुणांवरून.

भोपळ्याला काहीही येत नव्हतं. कडी काढणं सोडाच, उघड्या दारातून जातानाही तो चौकटीवर आपटायचा. त्याच्याकडे होता तो चेहरा. दिवे लागले आणि जमिनीवर चिकटपट्टीची फुली दिसली की तो तिच्यावर जाऊन बसायचा आणि जगातलं सगळं कळल्यासारखा समोर बघायचा. मागे कपाट कोसळो, केक उडो, छत खाली येवो, हा ढिम्म. कोणी 'सुट्टी' म्हटल्याशिवाय उठायचा नाही. एवढ्या एका विद्येवर सगळे सिनेमे चालले होते.

सासरे राहायला आले तेव्हापासून भोपळ्या त्यांच्याच खोलीत झोपायचा. बागेतल्या बाकावरच्या मित्रमंडळींना ते रोज ऐकवायचे, की प्रोफेसर आमच्याकडेच असतो, माझ्या पायाशी, बाकीचे तिघं त्याचे बदली कामगार. सुनेने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. खरं सांगायला तिने कितीदा तरी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण निवृत्त झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच मान वर करून चालत होता.

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने त्याला पाहिलं होतं. "मी पेपर पुढे केला," तो म्हणाला. "त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मलाच वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मग गेला मोठ्या रस्त्याकडे."

"कालचा पेपर दिला असशील," सासरे म्हणाले. "ओळखला त्याने."

मोठा रस्ता म्हटल्यावर सून पळतच सुटली. भोपळ्याने जन्मात खरी रहदारी पाहिली नव्हती. शूटिंगच्या रस्त्यावर गाड्या त्याच्यासाठी थांबायच्या, कारण चालवणाऱ्यांना थांबायचाच पगार मिळायचा. त्यातून आता म्हातारपणामुळे त्याचा डावा कान पार गेला होता.

"आधी पोलीस चौकीत बघू," सासरे धापा टाकत म्हणाले. "हरवला की तो चौकीत जातो. दुसऱ्या सिनेमात गेला होता."

"बाबा, पाय उचला."

"नाहीतर बसमध्ये बसला असेल. तिसऱ्यात बघ..."

"बाबा!"

मोठ्या रस्त्यावर एक टेम्पो आडवा उभा होता, त्याच्या मागे एक स्कूटर कलंडलेली होती आणि रस्ताभर अंडी फुटली होती. सून रक्ताचा डाग शोधत त्या राड्यात घुसली, दोन तऱ्हेच्या चपला दोन दिशांना गेल्या आणि ती सपशेल अंड्यांत बसली. सिनेमा असता तर थिएटर हसून लोळलं असतं.

"तुमचा कुत्रा?" टेम्पोवाला अंगावर धावून आला. "सरळ समोरून चालत आला हो! मी ब्रेक दाबला, माझी अंडी गेली, आणि त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही!"

"लागलं का त्याला?"

"त्याला काय होतंय! मला विचारा काय झालं ते!"

सासरे खुलले. "बघ, रस्ता बरोबर ओलांडला त्याने. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. येईल घरी. हुशार आहे तो."

तिथे तिचा बांध फुटला.

"नाहीये हो हुशार!" ती अंड्यांत बसल्या बसल्याच ओरडली. "त्याला काही येत नाही, बाबा! दारं कडी उघडते, पँट ओढ्या ओढतो. हा नुसता बसतो. त्याला घर कुठून सापडणार? त्याला आपलं अंगण सापडत नाही!"

तिला उठवायला पुढे केलेला सासऱ्यांचा हात हवेतच राहिला. "पण चौथ्या सिनेमात एवढी नदी पोहून..."

"ती कडी होती. पोहताना तिचा ठिपका धुऊन गेला, म्हणून ते सगळं मागून दाखवलंय."

टेम्पोवाला अंडी विसरून ऐकत राहिला, त्यानेही तो सिनेमा पाहिला असावा. मग सासऱ्यांनी तिला हाताला धरून उठवलं.

"म्हणजे मी एका भोळ्या जिवाला एकट्याला रस्त्यावर सोडलं," ते म्हणाले. "अगं, मला आधी सांगायचं नाहीस का?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण ते त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. तिने टेम्पोवाल्याला नवऱ्याचा फोन नंबर दिला आणि पदराला, हाताला, केसांना लागलेला बलक पुसत बसण्याऐवजी तशीच चालू लागली.

"त्याला काय येतं, तेवढं सांग," सासरे म्हणाले. आता त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला होता.

"दिवे आणि फुली. प्रखर दिवे असले आणि जमिनीवर पट्टीची फुली असली की बसतो."

मग दोघं दुकानामागून दुकान धुंडाळत निघाले. बँकेत जमिनीवर पट्ट्या होत्या, पण त्या सरळ होत्या. झुंबरांच्या दुकानात दिवेच दिवे होते, पण पट्टी नव्हती, आणि मालकाने तिच्या अंगावरचं अंडं बघून दोघांना दारातूनच वाटेला लावलं. सून फुटपाथवर उभी राहिली. पुढे चौक होता, चौकातून चार रस्ते फुटत होते, आणि तिला आता रडू आवरेना. तिला समोर दिसत होता तो कुत्रा, गाड्यांच्या मधोमध, कोणीतरी आपल्यासाठी थांबेल अशा विश्वासाने चाललेला.

सासरे एकदम थबकले. "मी पेन्शनच्या कार्डाचा फोटो काढायला गेलो होतो ना? तो फोटोवाला मला काय म्हणाला? काका, फुलीवर उभे राहा. डोळे दिपले होते माझे त्या दिव्यांनी!"

आणि गुडघ्यांच्या नावाने रोज सकाळी कण्हणारा तो माणूस धावत सुटला.

फोटो स्टुडिओचं दार सुनेने ढकललं. आत दोन मोठ्या दिव्यांच्या मधोमध, फुलीवर, गळ्यात रिकामी पिशवी अडकवून भोपळ्या बसला होता. त्याच्या मागे काळा कोट घातलेले एक वकीलसाहेब उभं राहायला जागा शोधत होते, आणि फोटोवाला कुत्र्याच्या कमरेला मिठी मारून त्याला ओढत होता.

"तुमचा आहे का हा?" तो कळवळून म्हणाला. "बिस्किट दिलं, खाल्लं आणि बसला. दरडावलं, बसला. आज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फोटोत हा आहे!"

एवढं बोलून त्याने शेवटचा जोर लावला. हात निसटले. फोटोवाला मागच्या मागे दिव्याच्या स्टँडवर गेला, स्टँड निळ्या पडद्याच्या गुंडाळीवर गेला, गुंडाळी सुटून वकीलसाहेबांवर आली, आणि पडद्याच्या आत चाचपडणाऱ्या वकीलसाहेबांच्या हाताला नेमकी फ्रेमची फळी लागली. धडाधड सगळं खाली आलं. त्या सगळ्याच्या मध्ये भोपळ्या कॅमेऱ्याकडे बघत होता, जगातलं सगळं कळल्यासारखा.

सुनेचा जीव भांड्यात पडला. ती दाराला टेकून हसत होती की रडत होती हे तिलाच कळेना. 'सुट्टी' म्हणायला तिने तोंड उघडलं, पण त्या हसण्यारडण्यात शब्दच उमटेना.

"काय म्हणायचं असतं त्याला?" सासऱ्यांनी विचारलं.

"सुट्टी," ती कशीबशी कुजबुजली.

सासरे काचा चुकवत त्याच्याजवळ गेले आणि वाकून 'सुट्टी' म्हणाले. काही झालं नाही. ते बहिऱ्या कानाशी बोलले होते. मग ते दुसऱ्या बाजूला गेले, दोन्ही गुडघे टेकून खाली बसले आणि उजव्या कानात हळूच म्हणाले, "सुट्टी रे."

भोपळ्याने डोळे मिचकावले. तो उठला, सुनेकडे न बघता वळला आणि सासऱ्यांच्या काखेत डोकं खुपसून तिथेच राहिला. सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, हा थरथरतोय," ते म्हणाले. "केवढा थरथरतोय बघ. घाबरला होता गं हा सगळा वेळ."

तिने पुढे होऊन हात लावला. खरंच, तो चेहरा तसाच शहाणा होता आणि खाली सगळं अंग पानासारखं हलत होतं. इतक्या वर्षांत शॉट संपल्यावर तिने त्याला कधी असं धरून पाहिलंच नव्हतं.

सासऱ्यांनी तिच्याकडे वर पाहिलं. टेम्पोपाशी खरं कळल्यापासून त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. "हे असं माझ्याकडे येणं," त्यांनी विचारलं, "हे तू शिकवलंयस का? खरं सांग. आता मला खरंच सांग."

"नाही, बाबा," ती म्हणाली. "हे मी शिकवलेलं नाही."

सासऱ्यांनी डोळे मिटले आणि त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वकीलसाहेब अजून निळ्या पडद्यातच होते. त्यांना आधी बाहेर काढायला हवं होतं, पण थोडा वेळ कोणीच हललं नाही.