झुंबरबाईच्या दारात न उगवलेलं फूल

चैत्र सरत आला होता, आड तळाला गेले होते, आणि आमच्या गावात कोरड्या मातीतून फुलं वर येत होती. ना रोप, ना देठ, ना एक हिरवं पान. नुसतं पांढरं-जांभळं, घमघमणारं फूल जमिनीला चिकटून उमललेलं. परतूरपासून तीन कोसांवरचं आमचं गाव आठ दिवसांत येडं झालं. माणसं गुरांना वैरण टाकायच्या आधी आज कुणाच्या दारी फूल आलं ते बघायला पळत. डफ वाजे, गुलाल उडे, सत्तरीचे रखमाजी पाटील तर चक्क फुगडी खेळले. मी शाळामास्तर, असल्या प्रकारांना नाक मुरडणारा. पण फूल बघितलं आणि मीही वास घ्यायला वाकलो.

ही सगळी कृपा धरतीनाथ बाबांची. बाबांनी म्हणे हिमालयात बारा वर्षं जमिनीखाली तप केलं होतं. तिथं श्वास कसा घेतला असं मी विचारलं, तर म्हणाले, "उलटा." लोकांनी लगेच हात जोडले. पायलीभर गहू आणि शेरभर तूप दिलं की बाबा घरी येत, अंगणात वीतभर खड्डा घेऊन भस्माचा गोळा पुरत आणि नियम सांगत. जागा सावलीची हवी, धरतीमातेला ऊन सोसत नाही. रोज पहाटे सडा टाकायचा, पण चिखल करायचा नाही. आणि कुणी उकरून बघितलं तर निर्वंश.

सतरा घरी माता प्रसन्न झाली. पुंजारामच्या घरी मात्र पंधरा दिवस झाले तरी जमीन ढिम्म. त्याची बायको झुंबरबाई रडकुंडीला आली. बाबांनी डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं आणि ते सुनेवर आणून थांबवलं. इंद्रायणीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. हिच्या पावलानं माती बांधली गेली, हिला माहेरी घाला, दुसरी सून आणा, असा बाबांनी निवाडा दिला. नवरा बद्रीनाथ खाली मान घालून उभा राहिला आणि गाडी जुंपली गेली. मला भयंकर संताप आला, पण फूल का आलं नाही हे मलाही सांगता येत नव्हतं.

इतके दिवस इंद्रायणीला कुणी फुलांजवळ फिरकू दिलं नव्हतं, तिची नजर नको म्हणून. गाडीकडे जाताना शेजारच्या तुळजाबाईच्या दारातलं फूल तिनं पहिल्यांदा पाहिलं. ती वाकली, वास घेतला आणि खळखळून हसली. मग उलट्या पावली येऊन तिनं गोठ्यातलं खुरपं उचललं.

"आत्या, ह्यो तर भुईचाफा. माझा बाप आमराई राखतो, तिथं आंब्याखाली त्यानं लावलाय. चैतात आधी फूल येतं, मंग मिरगाला पानं."

"मंग आपल्याच दारात का न्हाई आला?" झुंबरबाईनं विचारलं.

"तुमी काय टाकून राह्यले तिथं?"

झुंबरबाई अभिमानानं म्हणाली, की बाकीच्या बाया नुसता सडा टाकतात, मी मातेची जागा रोज शेणानं आणि पांढऱ्या मातीनं सारवते. पंधरा दिवसांचे पंधरा थर! जागा खळ्यासारखी टणक झाली होती. इंद्रायणीनं खुरपं मारलं तसे बाबा गरजले की खबरदार, निर्वंश होईल.

"मूल न्हाई म्हनूनच घालवून राह्यले ना मला?" इंद्रायणी म्हणाली. "मंग मला निर्वंशाचं काय भेव दाखविता?"

तिनं सारवणाचा पोपडा उचकटला. खाली एक पांढुरकी कळी डोकं आपटून आपटून वाकडी झालेली होती, आणि तिच्या बुडाशी राख फासलेला गड्डा. इंद्रायणीनं तो मोडला. आल्यासारखा उग्र वास सुटला. कचरू गुराख्यानं बाबांची झोळी उपडी केली तर कोंब धरलेले असलेच वीसेक गड्डे अंगणभर घरंगळले.

मग तर हसण्याचा नुसता कल्लोळ झाला. पोटापाण्याला माळीकाम पुरलं असतं, तर या माणसानं माता कशाला वेठीला धरली? सावली, ओलावा, भुसभुशीत माती. बाबांचे सगळे नियम कुठल्याही माळ्यानं फुकट सांगितले असते. बारा वर्षं जमिनीखाली राहिलेले बाबा जमिनीवरूनच परतूर स्टेशनच्या रोखानं धावत सुटले. झुंबरबाईनं स्वतः बैल सोडले. सुनेपुढे उभी राहून ती एवढंच म्हणाली, "पोरी, माझी चूक झाली." बद्रीनाथला मात्र इंद्रायणीनं आठ दिवस भाकरी वाढली, बोलली नाही. बराबर केलं.

मोडलेल्या गड्ड्याचा तुकडा इंद्रायणीनं तिथंच पुन्हा लावला, आणि मिरगाला अठराही घरी हिरवी रुंद पानं वर आली.

लोकहो, चमत्कार बघा, पोटभर बघा, वास घ्या, टाळ्याही वाजवा. फक्त बाबाला एक गोष्ट विचारून घ्या. बाबा, फूल आलं तर गहू-तूप तुमचं, आणि नाही आलं तर घर कुणाचं मोडायचं?